यंत्र काम वाचवत नाही: फळी, कप्पी आणि सोऱ्या घेऊन घरी मोजून बघायची रीत

यंत्राचा उपयोग काय, असं सहावीतल्या कुठल्याही मुलाला विचारा. "यंत्रामुळे काम कमी होतं," हे उत्तर तयार असतं. माझ्या मुलीनेही तेच दिलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत चार दुपारी बसून आम्ही घरातली यंत्रं मोजली. दुसऱ्या दुपारी वहीतला गुणाकार दोनदा तपासून ती म्हणाली, "आई, काम तर वाढलंय!" साध्या यंत्रांच्या धड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तिला तिथे सापडली. ती सापडावी म्हणून नेमकं काय करायचं, कुठे चुकतं आणि आलेला आकडा कसा वाचायचा, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. बोलण्यातलं काम वेगळं आणि विज्ञानातलं कार्य वेगळं. विज्ञानात कार्य म्हणजे लावलेलं बल गुणिले त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकलेलं अंतर. कार्य करायची क्षमता म्हणजे ऊर्जा. दोन्हींचं एकक ज्यूल. एवढ्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

सामान

पाच किलोपर्यंत मोजणारा स्प्रिंगचा तानकाटा घ्या. शाळेच्या प्रयोगाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटाही चालतो, पण त्यातले बरेच काटे आकडा स्थिर झाला की तिथेच धरून ठेवतात. ओढत असताना बल वाचायचं असेल तर स्प्रिंगचाच बरा. बाकी मिठाचे एकेक किलोचे दोन पुडे, एक कापडी पिशवी, दीड मीटर लांबीची गुळगुळीत फळी, शिंप्याची टेप, हार्डवेअरच्या दुकानातल्या दोन छोट्या कप्प्या, नायलॉनची दोरी, भार पेलेल असा खेळण्यातला ट्रक, तीस सेंटीमीटरची पट्टी, सहा कडांची पेन्सिल आणि एकसारखी तीन नाणी. शिवाय एक वही, आणि तिच्यात चार रकाने: किती जोर लागला, किती अंतर ओढलं, दोन्हींचा गुणाकार, आणि चौथा "बाकी कुठे गेलं?" हा चौथा रकाना गाळू नका. ऊर्जेचा धडा त्यातच आहे.

काट्यावर किलो दिसतात, पण बलाचं एकक न्यूटन. एक किलोची वस्तू टांगली की काटा सुमारे ९.८ न्यूटनने ओढला जातो. मुलांना पहिल्याच दिवशी यात अडकवू नका. हिशोब किलो आणि सेंटीमीटरमध्ये करा आणि शेवटी ज्यूलमध्ये बदला. दहा किलो-सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ एक ज्यूल.

पहिली पायरी: सरळ उचलणं

पिशवीत दोन्ही पुडे घालून ती काट्याला अडकवा आणि सावकाश पन्नास सेंटीमीटर वर न्या. हिसका दिला तर काटा अडीच-तीन किलोवर उडी मारतो, म्हणून अगदी संथपणे. जोर २ किलो, अंतर ५० सेंटीमीटर, गुणाकार १००. म्हणजे साधारण १० ज्यूल. ही आपली मूळ रक्कम. पुढे कुठलंही यंत्र घेतलं तरी पिशवी पन्नास सेंटीमीटरच वर न्यायची आहे, म्हणजे पिशवीच्या पदरात पडणार आहेत ते हेच १०० किलो-सेंटीमीटर. उंचावर ठेवलेल्या पिशवीत ते स्थितिज ऊर्जा म्हणून साठून राहतात.

इथे मुलं हमखास विचारतात, पिशवी हातात धरून नुसतं उभं राहिलं तर कार्य किती? शून्य. मग हात का दुखतो? कारण स्नायू ताणलेला ठेवण्यासाठी त्यातले बारीक तंतू सारखे आकुंचन पावत असतात आणि त्यापायी साखर जळत असते. ती ऊर्जा पिशवीला मिळत नाही, तिची उष्णता होऊन अंग गरम होतं. भिंतीतल्या खिळ्यालाही तीच पिशवी अडकवता येते. तो दमत नाही, कारण त्याला काही जाळावंच लागत नाही.

ऊर्जा आली कुठून, हेही इथेच सांगून टाका. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम साखरेत सुमारे २० किलोकॅलरी रासायनिक ऊर्जा असते. ज्यूलमध्ये ८४,०००. स्नायू त्यातली साधारण पाव ऊर्जा हालचालीत आणतात, उरलेली उष्णता होते. त्या पाव भागात, सुमारे २१,००० ज्यूलमध्ये, पन्नास किलो वजनाचा माणूस तीन-तीन मीटरचे चौदा मजले चढू शकतो. हा हिशोब मुलीने स्वतः केला तेव्हा ती बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसली होती.

दुसरी पायरी: उतरण

दीड मीटरच्या फळीचं एक टोक पन्नास सेंटीमीटर उंचीवर टेकवा. खालच्या टोकाशी ओलं फडकं ठेवा, नाहीतर फरशीवर फळी सरकते. आमची पहिल्याच खेपेला सरकली आणि पिशवी खाली आली. काटा तिरका धरला की त्याचा शून्य थोडा हलतो, कारण स्प्रिंगवर हुकाचं वजन पूर्वीसारखं सरळ येत नाही. म्हणून रिकामा काटा आधी फळीला समांतर धरून कुठे उभा राहतो ते बघा आणि तेवढा फरक वजा-बेरीज करा.

आता पिशवी फळीवर ठेवून काट्याने सावकाश वर ओढा. आमच्या वहीत १.४ किलो आलं. जोर खरंच कमी लागला, २ च्या जागी १.४. पण अंतर दीडशे सेंटीमीटर. गुणाकार २१०. सरळ उचलताना १०० होता. "काम तर वाढलंय!" ते हेच.

मग पुडे ट्रकवर ठेवून ओढा. ट्रकसकट वजन दोन किलोच राहील असं मीठ थोडं कमी करा, नाहीतर तुलना फसते. या वेळी काटा पाऊण किलोच्या आसपास आला. ०.७५ गुणिले १५० म्हणजे सुमारे ११२. तेवढंच वजन त्याच फळीवर त्याच उंचीला गेलं, आणि कार्य २१० वरून ११२ वर आलं.

घर्षण मुळीच नसतं तर किती लागलं असतं? लांबी उंचीच्या तिप्पट आहे, म्हणून जोर एक तृतीयांश, म्हणजे ०.६७ किलो, आणि गुणाकार बरोबर १००. शंभराच्या खाली कुठलीच फळी, कुठलीच कप्पी, कुठलंच यंत्र येऊ शकत नाही. हे मुलांना नियम म्हणून सांगू नका. "शंभराच्या खाली आणून दाखव," असं आव्हान द्या. फळी पुसतील, पावडर टाकतील, चाकांना तेल घालतील. आकडा १०८ होईल, १०५ होईल, शंभरापाशी अडेल. ऊर्जा निर्माण करता येत नाही हा नियम त्या अडण्यात हाताला लागतो.

आणि घासत ओढलेल्या पिशवीच्या २१० मधले शंभरावरचे ११० गेले कुठे? चौथा रकाना भरायची वेळ. पिशवी घासताना खरखर आवाज आला, ती थोडी ध्वनी ऊर्जा. बाकी जवळजवळ सगळी उष्णता. अकरा ज्यूलने फळी जेवढी तापते तेवढं हाताला कळत नाही, म्हणून तळवे वीस वेळा जोरात चोळून गालाला लावायला सांगा.

शेवटी ट्रक वरून सोडून द्या, खाली उशी ठेवून. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते आणि तळाशी ट्रकचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास जातो. तो उशीत घुसतो, थांबतो, आणि उशीतल्या कापसात पुन्हा उष्णताच उरते.

नुसती पिशवी मात्र सोडून बघा. ती खाली येत नाही, तिथेच बसते.

तिसरी पायरी: सोऱ्या

या न घसरणाऱ्या पिशवीत मला सगळ्यात जास्त रस आहे, म्हणून इथे जरा थांबते. टाकलेल्या कार्यापैकी उपयोगी पडलेला हिस्सा म्हणजे यंत्राची कार्यक्षमता. ट्रकची १०० भागिले ११२, म्हणजे ८९ टक्के. घासत ओढलेल्या पिशवीची १०० भागिले २१०, म्हणजे ४८ टक्के. फळीसारख्या उतरणीवर, फळीला समांतर ओढताना, कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की वस्तू आपणहून मागे येत नाही. याचं कारण सोपं आहे. वर नेताना घर्षणाने खाल्लेलं कार्य जर उंचीत साठलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त असेल, तर खाली येतानाही घर्षण तेवढंच मागणार, आणि पिशवीकडे द्यायला तेवढी ऊर्जाच नाही.

आता सासूबाईंचा पितळी सोऱ्या. वरच्या मुठीला आडवी दांडी, मधे मळसूत्र, ते फिरवलं की दट्ट्या खाली जातो आणि चकली पडते. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच. पटत नसेल तर कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरकी कड वर चढत जाताना दिसते.

मोजायची रीत अशी. रिकाम्या सोऱ्याचे दहा फेरे करा आणि दट्ट्या किती खाली गेला ते मोजा. आमचा चार सेंटीमीटर गेला, म्हणजे फेऱ्याला चार मिलिमीटर. दांडीचं टोक मध्यापासून सहा सेंटीमीटरवर, म्हणून एका फेऱ्यात हात सुमारे ३७७ मिलिमीटर फिरतो. ३७७ भागिले ४, जवळजवळ ९४. घर्षण नसतं तर दांडीवरचा दोन किलोचा जोर दट्ट्यावर १८८ किलो झाला असता. एवढा होत नाही, मळसूत्रात घर्षण फार. पण त्यातला चौथा हिस्सा जरी हाती लागला तरी पंचेचाळीस किलोच्या वर जातो. दोन हातांनी नुसता दाबायचा साधा सोऱ्या ज्यांनी वापरलाय त्यांना हा फरक खांद्यात आठवेल.

आणि चकली पाडताना मधेच हात सोडला तर? पीठ आतून दट्ट्याला वर ढकलत असतं, तरी दांडी उलटी फिरत नाही. फळीवरच्या पिशवीचंच हे भावंड. गाडीचं चाक बदलताना लावतात तो मळसूत्री जॅकही असाच, दांडा सोडला तरी गाडी खाली येत नाही. घर्षणाला ऊर्जेचा चोर म्हणायची सवय लागलेली असते. इथे तोच चोर राखण करतो. जॅकच्या मळसूत्रातलं घर्षण नाहीसं झालं तर चाक काढणाऱ्या माणसाच्या अंगावर गाडी येईल.

चौथी पायरी: कप्प्या

एक कप्पी दाराच्या वरच्या भक्कम आकड्याला अडकवा, दोरी वरून घ्या, एका टोकाला पिशवी, दुसऱ्याला काटा. काट्याचा शून्य इथेही तपासून घ्या, खाली ओढताना काटा उलटा धरला जातो. आकडा २ किलोपेक्षा थोडा जास्तच येईल. विहिरीवरच्या कप्पीने जोर वाचत नाही, फक्त दिशा बदलते. पण वाकून वर ओढण्यापेक्षा उभं राहून खाली ओढताना शरीराचं वजन कामाला येतं, म्हणून सोपं वाटतं.

मग दोरीचं एक टोक आकड्याला बांधा, दोरी दुसऱ्या कप्पीतून घ्या, पिशवी त्या कप्पीला लटकवा आणि मोकळं टोक काट्याने वर ओढा. भार आता दोन दोऱ्यांनी वाटून घेतला. आमच्याकडे १.२ किलो आले. बरोबर १ का नाही? कप्पीचंही वजन उचलावं लागतं आणि आसाला घर्षण आहे. पिशवी पन्नास सेंटीमीटर वर जायला दोरी शंभर ओढावी लागली. गुणाकार १२०.

मोट, म्हणजे बैलांकडून विहिरीचं पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी, आता कुठे फारशी दिसत नाही, पण कप्पीच्या धड्यात ती यायलाच हवी. मोटेचे बैल धावेवरून उतरत उतरत नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ओढायचे. धाव म्हणजे विहिरीपासून खाली जाणारा मातीचा उतार. समजा ३५० किलोचा बैल आहे आणि धाव दहा फुटांत एक फूट उतरते, तर त्याच्या वजनातलं पस्तीस किलो आपोआप ओढण्याच्या कामी येतं, तेही भरलेली मोट वर येत असताना. मोट थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या हौदात, रिकामी झाली की बैल मागे मागे चालत धावेवर परत चढायचे. तेव्हा नाड्याला रिकामी मोट, म्हणजे ओझं हलकं. चाऱ्यातली ऊर्जा बैल आधी स्वतःच्या उंचीत साठवायचा आणि मग ती पाण्याला द्यायचा. एकूण कार्य यात वाचत नाही. बैलाचा जोर मात्र दोन्ही फेऱ्यांत वाटला जातो. ही आखणी कुणी कागदावर केली नव्हती, आणि तरीही ती अचूक आहे.

पाचवी पायरी: तरफ

हा भाग शाळेत पुरेसा होतो, म्हणून थोडक्यात. पट्टी सहा कडांच्या पेन्सिलीवर ठेवून आधी रिकामीच समतोल करा. एका बाजूला टेकूपासून पाच सेंटीमीटरवर दोन नाणी एकावर एक, दुसऱ्या बाजूला दहावर एक. अंतर नाण्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. मुलं कडेपर्यंत मोजतात आणि नियम खोटा ठरला म्हणतात.

मग स्वयंपाकघरात जा. सांडशीचा टेकू मधे. अडकित्त्याचा टेकू टोकाला आणि सुपारी मधे. सुपारी खिळीपासून तीन सेंटीमीटरवर आणि मूठ पंधरावर असेल तर जोर पाचपट. तीच सुपारी मुठीकडे सरकवून कातरायला सांगा, एका क्षणात कळतं. चिमट्यात मात्र बल मधे आणि भार टोकाला, तिथे जोर वाढत नाही, उलट जास्त लावावा लागतो. बदल्यात बोटं थोडी हलली की टोकं जास्त हलतात, आणि हात विस्तवापासून लांब राहतो. आपला हात याच जातीचा. दंडाचा स्नायू कोपरापासून साधारण चार सेंटीमीटरवर जोडलेला, तळवा पस्तीस सेंटीमीटरवर, त्यामुळे दोन किलोची पिशवी धरायला त्याला सतराएक किलोचा ताण द्यावा लागतो. म्हणजे सगळी यंत्रं जोर वाचवायला नसतात. काही जोर खर्चून अंतर आणि वेग विकत घेतात.

पाचर आणि चाक-आस घरातच दाखवा. विळीचं पातं आणि कुऱ्हाड ही पाचर. जात्याचा खुंटा मध्यापासून लांब का बसवलाय, ते मध्याच्या जवळची जागा धरून फिरवून बघितलं की कळतं. नळाची तोटी, स्क्रूड्रायव्हरची जाड मूठ, सायकलचं पायडल हेही चाक-आसच.

शेवटची पायरी: हाच हिशोब मोठा करून बघणं

एक किलो पाणी ४२७ मीटर खाली पडलं आणि त्याची सगळी ऊर्जा पाण्यातच उष्णता होऊन राहिली, तर ते एक अंश सेल्सिअसने तापेल. फक्त एक अंश. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघराकडे येतं, तेव्हा चारशे मीटरहून जास्त खाली उतरतं. मधे टर्बाइन नसतं तर एवढं सगळं होऊन पाणी जेमतेम कोमट होण्याच्याही अलीकडे राहिलं असतं. टर्बाइन बसवलं म्हणून त्या उंचीची वीज होते. कोयना प्रकल्पाच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे.

हजार लिटरची टाकी घ्या. एवढं पाणी ४२७ मीटर खाली आलं तर काही वाया न जाता विजेचं एक युनिट आणि वर थोडं मिळेल, १.१६ युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. मुलीला हे कमी वाटलं. मला विचाराल तर घरात एक दिवा उगाच चालू राहिला की किती पाणी डोंगरावरून उतरावं लागतं, हे याच आकड्याने नीट समजतं.

आता उलट बाजू. हजार लिटर पाणी बारा मीटर उंचीच्या गच्चीवर चढवायला लागणारी ऊर्जा १,१७,६०० ज्यूल, म्हणजे ०.०३३ युनिट. पंप साधारण किती घेतो त्याचा अंदाज यायला पंपाच्या पाटीवर लिहिलेली वॅट आणि घड्याळ पुरे. एक किलोवॅट वीज घेणारा पंप वीस मिनिटं चालला तर ०.३३ युनिट जातात, म्हणजे कार्यक्षमता दहा टक्के. तुमचा आकडा पाइपाच्या लांबीवर, वळणांवर आणि पंपाच्या वयावर ठरेल. पाटी मोठ्यांनी वाचावी, मुलांनी मोटरजवळ जाऊ नये. घड्याळ मात्र त्यांच्याच हातात द्या, आणि चौथा रकाना त्यांनाच भरू द्या. माझ्या मुलीने लिहिलं होतं: मोटर गरम झाली, पाणी पाइपात घासलं, टाकीत जोरात पडलं, आणि आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला.